ग्रंथालयाचा कोहा सर्व्हर इंटरनेटवर आणताना काय उघडे ठेवावे आणि काय बंद?

देवघेव_विभाग

नमस्कार. पुण्यातील पेठ भागातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाचे संगणकाचे काम मी स्वयंसेवक म्हणून पाहतो. आमची ग्रंथसूची आणि देवघेव कोहा या मुक्त प्रणालीवर चालते, आणि आजवर ती ग्रंथालयातल्याच एका संगणकावर, आतल्या जाळ्यापुरती मर्यादित होती. सभासदांना घरबसल्या सूची पाहता यावी, पुस्तकाची मागणी नोंदवता यावी आणि मुदत वाढवून घेता यावी असे कार्यकारिणीने ठरवले. त्यासाठी मुंबईतील डेटा सेंटरमध्ये ४ जीबी मेमरीचा एक आभासी सर्व्हर भाड्याने घेतला आहे.

त्यावर डेबियन १२ ही लिनक्स कार्यप्रणाली आहे. कोहा त्याच्या अधिकृत पॅकेजमधून बसवला असून सोबत अपाचे हा वेब सर्व्हर आणि मारियाडीबी हा डेटाबेस आहे. सभासदांची सूची ८० क्रमांकाच्या पोर्टवर (सेवेच्या दारावर) आणि कर्मचाऱ्यांचे पान ८०८० वर उघडते. खरी माहिती अजून भरलेली नाही, केवळ चाचणीपुरत्या नोंदी आहेत. संस्थेचे डोमेन जुने आहे आणि त्यावरचे साधे संकेतस्थळ दुसऱ्या ठिकाणी आहे, त्यामुळे सूचीसाठी एक आणि कर्मचाऱ्यांसाठी एक अशी दोन उपडोमेन करण्याचा विचार आहे.

सर्व्हर सुरू केला त्याच संध्याकाळी नोंदी उघडून पाहिल्या, तर रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल अशा नावांनी पासवर्ड आजमावणाऱ्यांची रांग लागलेली होती. हे प्रत्येक सर्व्हरच्या वाट्याला येते एवढे वाचून माहीत आहे. परंतु या यंत्रावर सभासदांचे पत्ते, मोबाइल क्रमांक आणि कोणी कोणते पुस्तक नेले याचा इतिहास जाणार असल्याने ‘सर्वांचे होते तसे आपलेही होईल’ असे म्हणून पुढे जाण्याची माझी तयारी नाही.

फायरवॉल कोणत्या क्रमाने लावावी म्हणजे मी स्वतःच बाहेर अडकणार नाही, हा पहिला प्रश्न. एसएसएचचा, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या सेवेचा, पोर्ट बदलावा की नाही याबद्दल प्रत्येक ठिकाणी वेगळे मत वाचायला मिळते, त्यावर अनुभवी मंडळींचे म्हणणे ऐकायचे आहे. सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट कर्मचाऱ्यांच्या पानाची आहे. ते केवळ ग्रंथालयातूनच उघडावे असे वाटते, पण आमच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता स्थिर नाही आणि तो बहुधा अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला आहे, त्यामुळे ‘एवढ्याच पत्त्याला प्रवेश’ असा नियम लिहिता येत नाही. वारंवार चुकीचे लॉगिन करणाऱ्या पत्त्यांना अडवणारा फेल२बॅन बसवण्याचा प्रयत्न केला, तर तो सुरूच होत नाही आणि नोंदींची फाइल सापडत नसल्याची तक्रार करतो.

पर्वती_पायथा

खरी माहिती भरण्याआधी विचारलेत हे उत्तम झाले, कारण रिकाम्या सर्व्हरवर चुकले तर तो पुसून पुन्हा उभा करता येतो.

फायरवॉलकडे वळण्याआधी यंत्रावर कोणकोणत्या सेवा कान देऊन बसल्या आहेत ते पाहा. ‘एसएस’ ही आज्ञा ऐकणाऱ्या सेवांच्या पर्यायांसह चालवली की प्रत्येक सेवा कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर थांबली आहे हे दिसते. ज्या ओळीत १२७.०.०.१ असेल ती सेवा यंत्राच्या आतच बोलते. ज्या ओळीत ०.०.०.० किंवा दोन विसर्गचिन्हांसारख्या खुणा असलेला आयपीव्ही६चा पत्ता असेल ती सर्व जगाशी बोलायला तयार आहे. डेबियनवर मारियाडीबीचा ३३०६ आणि मेमकॅश्ड या तात्पुरत्या साठ्याच्या सेवेचा ११२११ हे पोर्ट मुळातच आतल्या पत्त्याला बांधलेले येतात, आणि कोहाच्या पॅकेजमधले झेब्रा (शोधयंत्रणा) व प्लॅक (कोहाची पाने चालवणारा भाग) हे तर जाळ्याऐवजी फाइलरूपी सॉकेटवरून बोलतात. म्हणजे बाहेर केवळ २२, ८० आणि ८०८० दिसायला हवेत. याहून जास्त काही दिसले, तर फायरवॉल लावून ते झाकू नका; ती सेवा का ऐकते आहे हे शोधून तिथेच बंद करा. मेमकॅश्डचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे: फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका मारा झाला, तो जगभरात उघड्या पडलेल्या मेमकॅश्ड सर्व्हरांना हाताशी धरूनच.

आता क्रम. आधी सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या नियंत्रण पानावरून मिळणारा कन्सोल एकदा उघडून, त्यातून लॉगिन होते याची खात्री करा. जाळ्याची वाट बंद झाली तरी त्या मार्गाने आत जाता येते. मग यूएफडब्ल्यू किंवा थेट एनएफटेबल्स या फायरवॉलच्या साधनांपैकी जे सोयीचे वाटेल त्यात प्रथम एसएसएचला परवानगी लिहा, त्यानंतर ८० आणि (एचटीटीपीएसच्या) ४४३ ला, आणि सर्वांत शेवटी फायरवॉल चालू करा. चालू करताना जुने एसएसएच सत्र उघडेच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवे जोडून पाहा. आयपीव्ही६ विसरू नका: अनेकजण आयपीव्ही४चे नियम काटेकोर लिहितात आणि त्याच यंत्राचा दुसरा पत्ता मोकळा राहतो.

एसएसएचसाठी ईडी२५५१९ प्रकारची किल्ली तयार करून तिला सांकेतिक वाक्यांश द्या, रूटचे थेट लॉगिन बंद करा आणि पासवर्डने प्रवेशही बंद करा. यात एक खाच आहे. एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवरचा एसएसएचचा प्रोग्राम, एखाद्या पर्यायाची जी किंमत प्रथम वाचतो तीच धरतो, आणि डेबियनच्या मुख्य फाइलमध्ये अगदी वरच शेजारच्या फोल्डरमधल्या फाइली आत घेण्याची ओळ असते. भाड्याच्या सर्व्हरांवर त्या फोल्डरमध्ये क्लाउड-इनिट या सुरुवातीची मांडणी करणाऱ्या साधनाने ५० क्रमांकाने सुरू होणारी फाइल ठेवलेली असू शकते, जिच्यात पासवर्डला ‘होय’ लिहिलेले असते. मग तुम्ही मुख्य फाइलमध्ये कितीही ठळकपणे ‘नाही’ लिहा, चालते ते ‘होय’च. म्हणून स्वतःचे नियम १० क्रमांकाने सुरू होणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि एसएसएचडीला मोठ्या लिपीतल्या ‘टी’ पर्यायासह चालवून प्रत्यक्षात कोणती मांडणी लागू आहे ते वाचा. फाइलमध्ये काय लिहिले आहे यापेक्षा तो काय सांगतो ते खरे.

पोर्ट बदलण्याबद्दल माझे मत असे की किल्लीशिवाय प्रवेशच नसेल तर २२ वर राहिल्याने धोका वाढत नाही, आणि बदलल्याने नोंदींतला गोंगाट कमी होतो एवढाच फायदा. गोंगाट कमी होणे वाईट नाही, पण त्याला संरक्षण म्हणू नये. खरे संरक्षण वेळेवर अद्ययावत करण्यात आहे. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये जी त्रुटी जाहीर झाली ती लॉगिनच्या आधीच्या टप्प्यातली होती, म्हणजे तिथे किल्ली कितीही पक्की असली तरी उपयोग नव्हता. जे सर्व्हर आपोआप सुरक्षा सुधारणा घेत होते ते त्यातून निभावले. त्या आपोआप घेणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स बसवले आहे का पाहा. ते डेबियनच्या सुधारणा घेईल, पण कोहा वेगळ्या भांडारातून येत असल्याने मूळ मांडणीत त्याला हात लावणार नाही. कोहाच्या दुरुस्त्या दरमहा निघतात, त्या कोणीतरी बसून घ्यायच्या आहेत.

फेल२बॅनची तक्रार नेहमीची आहे. डेबियन १२ मध्ये नोंदी फाइलमध्ये लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही, म्हणून लॉगिनच्या नोंदींची जुनी ओळखीची फाइलच तयार होत नाही आणि सर्व नोंदी सिस्टमडीच्या (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीच्या) जर्नलमध्ये जातात. फेल२बॅनच्या स्थानिक मांडणीत बॅकएंड म्हणून सिस्टमडी लिहा, त्यासाठीचे पायथन पॅकेज आहे याची खात्री करा, तो सुरू होईल.

कर्मचाऱ्यांच्या पानाबाबत तुमची अडचण खरी आहे, पण उत्तर आयपी पत्त्यांच्या यादीत नाही. वायरगार्ड वापरा; तो दोन यंत्रांमध्ये इंटरनेटवरून सांकेतिक खाजगी बोगदा (व्हीपीएन) उभा करतो. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून तो लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे आणि विंडोजसाठीही मिळतो. सर्व्हरवर एक यूडीपी पोर्ट, प्रथेप्रमाणे ५१८२०, उघडावा लागतो. योग्य किल्ली नसलेल्याला तो काहीही उत्तर देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपडणाऱ्याला तिथे सेवा आहे हेही कळत नाही. काउंटरवरच्या संगणकाने स्वतःहून जोडणी करायची असल्याने ग्रंथालयाचा पत्ता बदलला किंवा वाटलेला असला तरी अडत नाही. मग कर्मचाऱ्यांचे पान केवळ त्या बोगद्यातल्या पत्त्यावर ठेवा आणि ८०८० बाहेरून पूर्ण बंद करा. जमल्यास एसएसएचही त्यातूनच घ्या. कन्सोलची वाट हाताशी आहेच.

एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्रासाठी लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रे देणारी सेवा आणि ती आणणारे सर्टबॉट हे साधन पुरेसे आहेत. सूचीसाठी पडताळणी ८० पोर्टवरूनच होते, म्हणून ‘आता एचटीटीपीएस आले’ म्हणून ८० बंद करू नका. त्यावर आलेल्याला ४४३ कडे पाठवायचे एवढेच. प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि नूतनीकरण आपोआप होते, पण ते होते आहे का हे पाहायचे काम तुमचे, कारण मुदत संपत आल्याची आठवण देणारी ई-पत्रे लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केली आहेत. प्रमाणपत्र मिळाल्यावर कोहाच्या मांडणीतही सूचीचा मूळ पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणारा करा, नाहीतर सभासदांना जाणाऱ्या ई-पत्रांतले दुवे जुनेच राहतात.

एक सावधानता. प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक पारदर्शकता-नोंदवहीत होते आणि ती वाचत बसणारे बॉट काही मिनिटांत नव्या नावावर येऊन धडकतात. कर्मचाऱ्यांच्या उपडोमेनचे नाव तिथे दिसू नये असे वाटत असेल तर डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नावाला पत्ता जोडणारी यंत्रणा, हिच्या पद्धतीने पडताळणी करून सर्व उपडोमेनांचे एकच सामायिक प्रमाणपत्र घ्या. त्यासाठी डीएनएसची किल्ली सर्व्हरवर ठेवावी लागते, आणि तिने संपूर्ण डोमेन हलवता येत असेल तर मात्र तो व्यवहार महाग आहे. तशी स्थिती असल्यास मी नाव दिसू देईन. बोगद्याबाहेरून ते उघडत नाही एवढे पुरे.

मुठाकाठ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु कोहाच्या बाबतीत खरा त्रास दाराबाहेरच्या चोरांपेक्षा वेगळ्याच दोन ठिकाणांहून येतो असे मी काही ग्रंथालयांची कामे करताना पाहिले आहे, म्हणून ही भर घालते आहे.

पहिले ठिकाण सभासदांचे पासवर्ड. जुन्या नोंदी एकगठ्ठा आत घेताना सभासद क्रमांक हेच लॉगिन आणि मोबाइल क्रमांक हाच पासवर्ड अशी सोय केली जाते, कारण हजारो सभासदांना वेगवेगळे पासवर्ड कळवणार कोण? आतल्या जाळ्यात ते खपून जात होते. आता सभासद क्रमांक ओळीने मोजता येतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातून मोबाइल क्रमांक कोणालाही मिळतो. फायरवॉल, प्रमाणपत्र, किल्ल्या यांपैकी काहीही याला अडवत नाही, कारण आत येणारा रीतसर दारातूनच येतो. नोंदी भरताना पासवर्डचा रकाना रिकामा ठेवा आणि सभासदाने ई-पत्राच्या दुव्यावरून किंवा काउंटरवर येऊन तो स्वतः ठरवावा असे करा. ज्येष्ठ सभासदांची काउंटरवर थोडी गर्दी होईल, ती होऊ द्यावी. सोबत कोहाच्या प्रणाली-प्राधान्यांमध्ये पासवर्डची किमान लांबी वाढवा आणि ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते गोठवण्याचा पर्याय चालू करा. कर्मचाऱ्यांसाठी दुहेरी पडताळणीचीही सोय आहे. ग्रंथपालांच्या खात्याला ती अवश्य लावावी. आणि प्रणाली बसवताना डेटाबेसचे जे खाते वापरले जाते, त्याने रोजचे लॉगिन करू नका. कोहा स्वतःच तसा इशारा देतो, पण तो वाचून पुढे जाणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत.

वाचनाच्या इतिहासाचा उल्लेख तुम्ही केलात, त्याबद्दल सांगायचे तर जी माहिती साठवलेलीच नाही ती चोरीला जात नाही. परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदींतून सभासदाचे नाव काढून टाकणारे काम कोहामध्ये ठरावीक काळाने चालवता येते. त्यासाठी एक निनावी सभासद आधी तयार करावा लागतो. कोणते पुस्तक किती वेळा गेले ही आकडेवारी त्यानंतरही शिल्लक राहते, त्यामुळे खरेदी समितीचे अडत नाही.

दुसरे ठिकाण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे बॉट. २०२४–२५ पासून जगभरच्या ग्रंथालयांच्या सूची यांनी बेजार केल्या आहेत. कारण समजून घेण्यासारखे आहे. कोहाच्या शोधपानावर डावीकडे लेखक, विषय, स्थळ, माला असे गाळण्यांचे दुवे असतात, प्रत्येक दुव्यावर पुन्हा तसेच नवे दुवे, आणि त्यांच्या जोड्या संपतच नाहीत. माणूस दोन-तीन दुवे दाबून थांबतो, पण बॉट थांबत नाही, आणि प्रत्येक दुव्यामागे झेब्राचा शोध, कोहाच्या पर्ल भाषेतल्या प्रोग्रामचे काम आणि डेटाबेसची विचारणा होते. ४ जीबीचा सर्व्हर यात घुसमटतो आणि काउंटरवर देवघेव ठप्प होते. तुमच्या पूर्ण बंद असलेल्या कर्मचारी-पानाचे यंत्र तेच असल्याने बोगदा असूनही त्याला झळ बसते. रोबोट्स फाइलमध्ये शोधपान वर्ज्य लिहा. सभ्य बॉट ती पाळतात. बाकीच्यांसाठी अपाचेपुढे अनुबिस ठेवण्याचा मार्ग अलीकडे बराच वापरला जातो. तो पाहुण्याच्या ब्राउझरला लहानसे गणित सोडवायला लावतो आणि मगच आत सोडतो. माणसाला क्षणभर थांबावे लागते, तर लाखो पाने ओढणाऱ्याला ते परवडत नाही.

असा मध्यस्थ आला की अपाचेला प्रत्येक विनंती १२७.०.०.१ वरून आल्यासारखी दिसते. कोहाच्या मांडणीत विश्वासू मध्यस्थ म्हणून तो पत्ता नोंदवा आणि अपाचेलाही खरा पत्ता शीर्षकातून वाचायला सांगा. तसे केले नाही आणि फेल२बॅन अपाचेच्या नोंदींवर लावला, तर त्याला सगळे प्रयत्न स्वतःच्याच यंत्रावरून आलेले दिसतील आणि तो कोणालाच अडवणार नाही.

पर्वती_पायथा

मुठाकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून एकच: अनुबिस डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात, चालवणार असाल तर पोर्ट उघडताना पुढे १२७.०.०.१ लिहा. डॉकर आपले नियम यूएफडब्ल्यूच्या आधी लागू होतील अशा जागी लिहितो, त्यामुळे यूएफडब्ल्यूमध्ये ‘बंद’ दिसणारा पोर्ट बाहेरून खुशाल उघडतो. हे पाहण्यासाठी दुसऱ्या जाळ्यावरून, म्हणजे मोबाइलच्या इंटरनेटवरून उघडे पोर्ट शोधणारा एनमॅप चालवणे हाच खात्रीचा उपाय आहे. सर्व्हरवर बसून सर्व्हर बाहेरून कसा दिसतो हे कळत नाही.

नदीपात्र_रस्ता

तांत्रिक बाजू वर नीट आली आहे. मी एका शिक्षणसंस्थेचे सर्व्हर सांभाळतो आणि माझे प्रश्न थोडे रुक्ष आहेत. डोमेन कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडच्या जुन्या संस्थांमध्ये बहुतेकदा ते कोणा उत्साही सभासदाच्या खाजगी ई-पत्त्यावर नोंदवलेले असते, आणि तो सभासद परदेशी गेला किंवा वारला की संस्थेच्या हातात काहीच राहत नाही. डोमेन ज्याच्या ताब्यात, सूची त्याच्या ताब्यात. त्याला सर्व्हरचा पासवर्ड लागतच नाही, तो डीएनएस दुसरीकडे वळवून नवे प्रमाणपत्रही काढू शकतो. खाते संस्थेच्या ई-पत्त्यावर करून घ्या, त्याला दुहेरी पडताळणी लावा आणि परत मिळवण्याचे संकेतांक छापून पाकिटात घालून कार्यवाहांच्या कपाटात ठेवा. एसएसएचची किल्लीही दोघांकडे असावी, मात्र एकच किल्ली दोघांत वाटलेली नसावी. प्रत्येकाची वेगळी, म्हणजे एकाने काम सोडले तर त्याची तेवढी ओळ काढता येते.

बॅकअपच्या प्रतींबद्दल बोलायचे तर कोहाचे पॅकेज रोज एक प्रत स्वतःच काढते, त्यामुळे ‘बॅकअप चालू आहे’ असे समजून सगळे निश्चिंत असतात. ती प्रत त्याच डिस्कवर पडते आणि मूळ मांडणीत दोनच दिवस टिकते. शनिवारी काही बिघडले आणि मंगळवारी लक्षात आले तर उपयोग नाही. तुमचा ग्रंथालयातला जुना संगणक आता मोकळा होईल, त्याचे काम हेच. त्याने रोज रात्री बोगद्यातून सर्व्हरवरची प्रत ओढून घ्यावी. सर्व्हरने ढकलू नये, कारण सर्व्हर कोणाच्या हाती गेला तर त्याच्याकडे जुन्या प्रती पुसण्याचा अधिकार असता कामा नये. रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची साधने वापरलीत तर सांकेतिक रूपात आणि थोड्या जागेत बऱ्याच दिवसांच्या प्रती राहतात. महिन्यातून एकदा त्या संगणकावर प्रत उघडून, कोहामध्ये भरून, चार सभासद आणि चार पुस्तके शोधून पाहा. नाहीतरी तो बसूनच आहे.

नोंदींचेही एक बघा. डेबियनवर अपाचेच्या नोंदी रोज बदलल्या जातात आणि १४ दिवसांनंतर पुसल्या जातात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत नोंदी १८० दिवस भारतात राखण्याची आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवण्याची अट आहे. तुमच्या न्यासाला ती कितपत बांधील आहे हे विश्वस्तांनी सल्लागाराला विचारून ठरवावे, पण मुदत १४ वरून १८० करायला एक आकडा बदलावा लागतो आणि दाबून ठेवलेल्या नोंदी फार जागा खात नाहीत. जर्नललाही आकाराची मर्यादा असते, तीही त्याच बैठकीत पाहून घ्या.

एचएसटीएस, म्हणजे ब्राउझरला एचटीटीपीएसचीच सक्ती, लावायचे असेल तर केवळ सूचीच्या उपडोमेनला लावा. मुख्य डोमेनवर ‘सर्व उपडोमेनांसह’ असे लिहिले आणि संस्थेचे एखादे जुने पान अजून साध्या एचटीटीपीवर असले, तर ते सभासदांच्या ब्राउझरमध्ये उघडेनासे होते, आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेली ती सक्ती दुरून काढून घेण्याचा सोपा मार्ग नाही.

देवघेव_विभाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बरेच काम मार्गी लागले आहे. क्लाउड-इनिटची ती ५० क्रमांकाची फाइल आमच्याकडे तंतोतंत तशीच निघाली. डोमेन एका माजी कार्यकारिणी सदस्यांच्या ई-पत्त्यावर होते. ते पुण्यातच असल्याने हस्तांतराचा अर्ज त्यांच्याकडून लगेच करून घेतला. सभासदांच्या पासवर्डबद्दलचा मुद्दा बैठकीत मांडला तेव्हा पहिल्यांदा विरोध झाला, पण मोबाइल क्रमांकाचे उदाहरण दिल्यावर ठराव संमत झाला. क्वालिसच्या एसएसएल (एचटीटीपीएसची मांडणी तपासणाऱ्या) चाचणीत सूचीला ‘ए’ मिळाला आहे.

आता एक नवी अडचण. वायरगार्ड बसवून कर्मचाऱ्यांचे पान बोगद्यातल्या पत्त्यावर ठेवले आणि सर्व काही सुरळीत चालू होते. कर्नलची सुधारणा आल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर अपाचे उठलाच नाही आणि त्यामुळे सभासदांची सूचीही बंद पडली. हाताने सुरू केल्यावर तो निमूट चालतो. नोंदीत, मागितलेला पत्ता देता येत नाही अशा अर्थाची ओळ दिसते. शिवाय काउंटरवरच्या एका संगणकावर बोगदा सुरू केला की सगळेच इंटरनेट मंद होते.

पर्वती_पायथा

पहिल्या अडचणीचे कारण सरळ आहे. यंत्र सुरू होताना अपाचे वायरगार्डच्या आधी उठतो. त्याला ज्या पत्त्यावर ऐकायला सांगितले आहे तो पत्ता त्या क्षणी अस्तित्वातच नसतो, आणि अपाचेला एक जरी पत्ता मिळाला नाही तरी तो पूर्णच माघार घेतो; म्हणून सूचीही गेली. हाताने सुरू करेपर्यंत बोगदा उभा राहिलेला असतो.

यावर दोन उपाय आहेत. सिस्टमडीमध्ये अपाचेच्या सेवेला पुरवणी फाइल जोडून ‘वायरगार्डच्या नंतर’ आणि ‘वायरगार्ड हवा’ असे लिहिता येते. हे चालते, पण बोगद्याची मांडणी कधी चुकली तर कर्मचाऱ्यांसोबत सभासदांनाही फटका बसण्याची शक्यता राहतेच. मला दुसरा उपाय जास्त पसंत आहे: अपाचेला कर्मचाऱ्यांच्या पोर्टवर सर्व पत्त्यांवर ऐकू द्या आणि तो पोर्ट फक्त वायरगार्डच्या आंतरपृष्ठावरून आला तरच स्वीकारावा असा नियम फायरवॉलमध्ये लिहा. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याची वेगळी फायरवॉल असेल तर तिच्यातही तो पोर्ट बंदच ठेवा, म्हणजे आतला नियम चुकून गळाला तरी बाहेरून काही दिसत नाही. काही जण कर्नलला ‘नसलेल्या पत्त्यावरही ऐकू दे’ असे सांगून हा प्रश्न सोडवतात. तेही चूक नाही, पण तुमच्यानंतर हे काम हाती घेणाऱ्याला ती ओळ सापडायला वेळ लागेल.

मंद होणाऱ्या संगणकाच्या वायरगार्ड मांडणीत परवानगी असलेल्या पत्त्यांच्या जागी सर्व शून्ये लिहिलेली असणार. त्यामुळे त्या काउंटरवरचे सगळेच इंटरनेट मुंबईच्या सर्व्हरवरून फिरून येते. तिथे सर्व्हरचा बोगद्यातला एकच पत्ता लिहा, शेवटी ३२ च्या खुणेसह. जुना संगणक रात्री स्वतःहून प्रत ओढणार असल्याने त्याला आणखी काही लागत नाही. मात्र तुम्हाला घरून सर्व्हरमार्गे त्या संगणकावर जायचे असेल, तर त्याच्या मांडणीत जोडणी जागी ठेवणारा २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह घाला, नाहीतर ब्रॉडबँडच्या मध्यस्थ पत्त्यामागची वाट काही वेळाने मिटते आणि सर्व्हरला तो संगणक सापडत नाही. हे सर्व बदलून झाल्यावर दिवसा, काउंटर बंद असताना, सर्व्हर एकदा मुद्दाम पुन्हा सुरू करा आणि मोबाइलवरून ८०८० उघडतो का तेही तेव्हाच पाहा.